घरच्या बाळंतपणाचा हप्ता

पिपेटच्या टोकाला लोंबणारा थेंब थरथरला. हात स्थिर असताना थेंब थरथरू नये. गार्गी म्हेत्रेने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, श्वास रोखला आणि पुन्हा पाहिलं. थेंब क्षणभर गोल आणि शांत राहिला. मग त्याच्या तळाशी एक बारीक लाट उमटली, वर चढली आणि विरून गेली. लाट हातातून येत नव्हती. टेबलाला टेकलेल्या पोटातून येत होती. आठवा महिना संपत आला होता आणि बाळ टेबलाला लाथा मारत होतं.

तिने तो नमुना बाजूला ठेवला. हललेला थेंब मोजमापात धरता येत नाही.

सांगलीच्या या प्रयोगशाळेत जिल्ह्याभरातल्या गरोदर बायकांचं रक्त तपासायला येई. आईच्या रक्तात बाळाच्या पेशींतल्या जनुकांचे तुटके धागे तरंगत असतात. त्या धाग्यांवरची हजारो लक्षणं मोजायची आणि ते आकडे विमा कंपनीकडे पाठवायचे, एवढंच इथलं काम. या चाचणीला रक्तवेध म्हणत. आकड्यांचा अर्थ प्रयोगशाळेत कोणी लावत नसे. तो कंपनीचं खर्चवेधी प्रतिरूप, म्हणजे संगणकातलं गणिती मॉडेल, लावत असे, आणि त्यातून हप्ता ठरत असे.

फोन वाजला तेव्हा ती हातमोजे काढत होती. विमा प्रतिनिधी इम्रान बागवानचा आवाज आनंदाने फुटत होता.

“मॅडम, बसलाय ना? बसूनच ऐका.”

“बागवान, माझ्या अवस्थेत कोणी हौसेनं उभं राहत नाही. बोला.”

“घरच्या बाळंतपणाला मंजुरी आली!”

गार्गी खरोखरच खाली बसली. गेले चार महिने ती या मंजुरीच्या मागे होती आणि ती मिळेल असं तिला कधीच वाटलं नव्हतं. घरच्या बाळंतपणाचं नाव काढलं की कंपनी अटींचा डोंगर उभा करी. दाराशी रुग्णवाहिका हवी, दोन प्रशिक्षित सुइणी हव्यात, दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा, आणि वर दुप्पट हप्ता. तरीही तिला घरच हवं होतं. दवाखान्यात प्रत्येक नवजात बाळाला नाळ कापल्याबरोबर निरीक्षण कक्षात नेत. दोन दिवस आईने त्याला काचेतून पाहायचं. तो नियमही विम्याचाच होता.

“अटी काय आहेत?” तिने विचारलं.

“तेच तर सांगतोय. अट नाहीच! रुग्णवाहिका नको म्हणतात. तासगावच्या तुमच्या माहेराहून दवाखाना किती लांब आहे ते विचारलंसुद्धा नाही. आणि हप्ता ऐका.” त्याने आकडा सांगितला. “माझ्या मोटरसायकलचा विमा याहून महाग आहे, मॅडम. दवाखान्यात करायचं म्हटलं तर मात्र कित्येक पट लावलाय. म्हणजे प्रतिरूपच म्हणतंय, घरी करा. बाळ फार गुणी दिसतंय तुमचं.”

“कोणावर गेलंय कुणास ठाऊक.”

“पेढ्यांचं तेवढं लक्षात ठेवा. आणि एक राहिलं. ठिकाण तुम्हाला स्वतःच्या तोंडून नोंदवायचंय. रविवारी दुपारी मी फोन जोडून देतो. एकदा बोललात की बदल नाही. बदललं तर बाळाचा विमा रद्द, आणि विमा नसलेलं बाळ कुठलाच दवाखाना आत घेत नाही. पण तुम्हाला कशाला बदलायचंय? खुदा हाफिज, मॅडम. नीट जेवा.”

ठिकाण नोंदवायचं ती महिनोन् महिने टाळत होती. तिचा नवरा निहार दवाखाना म्हणत होता. तासगावची आई म्हणत होती, पहिलं बाळंतपण माहेरी, माझ्या घरी. दोघांनाही गार्गीने एकच उत्तर दिलं होतं: विम्याचं कळू दे, मग बघू. आता विम्याचं कळलं होतं.

प्रयोगशाळेच्या लांब गल्लीतून आपल्या जागेवर परत जाईपर्यंत ती सुखात होती. खुर्चीत बसल्यावर बागवानने सांगितलेला आकडा तिला पुन्हा आठवला, आणि तो कुठेतरी खुपला. बाळाच्या पहिल्या वर्षातल्या लसींचा खर्च विम्यातच धरलेला असे. प्रत्येक बाळाला त्या लसी सारख्याच मिळत, त्यात जोखमीचा प्रश्नच नव्हता. तिने कागदाच्या कोपऱ्यावर बेरीज केली.

हप्ता लसींच्या खर्चाहूनही कमी होता.

*

वरच्या मजल्यावर विमा कंपनीचं कार्यालय होतं. तिथले विमागणिती अमोल कस्तुरे निवृत्तीला आले होते. प्रतिरूप घडवणाऱ्या पहिल्या गटातले ते एकटेच आता उरले होते. गार्गी गेली तेव्हा ते डब्यातली शेंगदाण्याची चटणी भाकरीवर पसरत होते.

“ये, बस. जिने चढून आलीस? तुझ्या डॉक्टरला सांगतो थांब.”

“सर, एक शंका आहे. हप्ता लसींच्या खर्चाहून कमी येऊ शकतो का?”

“चूक असेल. कोणाचा आहे?”

“एका बाईचा.”

“बायांचेच असतात. आजवर एकाही बाप्यानं बाळंतपणाचा अर्ज केलेला नाही माझ्याकडे.” ते हसले. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी भाकरी खाली ठेवली. “बोल.”

“प्रतिरूप नक्की काय ओळखतं? मी आकडे पाठवते, पण पुढचं मला कधी कोणी सांगितलेलं नाही. मूल आजारी होईल की नाही, हे ओळखतं का?”

“नाही. त्याला आजार म्हणजे काय हेच ठाऊक नाही.” कस्तुरे समजावू लागले की त्यांचा आवाज शिकवणीतल्या मास्तरासारखा होई. “असं बघ. आम्ही सुरुवात केली तेव्हा मुलांच्या आजारांची माहिती मागितली. कायद्यानं ती मिळेना. आजाराचं नाव खासगी. पण बिलं? बिलं तर आमच्याकडेच येत होती. मग आम्ही एका बाजूला तुमची रक्तलक्षणं ठेवली आणि दुसऱ्या बाजूला त्याच मुलाची पुढची बिलं. प्रतिरूप या दोहोंतला संबंध शिकलं. कुठल्या लक्षणांचं मूल पुढे किती खर्च करेल, एवढंच ते सांगतं. फार अचूक सांगतं.”

“म्हणजे खर्च जास्त तर आजार जास्त, असं धरलं.”

“बरोबर.”

“आणि खर्च कमी तर मूल निरोगी.”

“अर्थात.”

“निरोगी मुलाला लसी लागत नाहीत, सर? दात येताना ताप येत नाही? सर्दीसुद्धा होत नाही?”

कस्तुरेंनी हात पुसले, स्क्रीन ओढून घेतला आणि अर्जाचा क्रमांक विचारला. तिने सांगितला. बाळाच्या पहिल्या वर्षाचा अपेक्षित खर्च आठवड्याआठवड्याने उभ्या पट्ट्यांत उलगडला.

घरच्या बाळंतपणाच्या रेषेवर एकच ठेंगणी पट्टी होती, सुइणीच्या मानधनाची. त्यापुढे काहीच नव्हतं. पट्ट्या लहान होत्या असं नाही. त्या नव्हत्याच. दवाखान्याच्या रेषेवर पहिले तीन आठवडे पट्ट्या स्क्रीनच्या वरच्या कडेला भिडल्या होत्या. तीन आठवड्यांनंतर तिथेही मोकळी पांढरी जागा होती.

“हे मूल...” कस्तुरे म्हणाले आणि थांबले.

“लसींपर्यंत पोहोचत नाही,” गार्गीने वाक्य पुरं केलं. तिचा स्वर इतका सरळ होता की तिलाच तो परका वाटला. “घरी झालं तर दवाखान्यापर्यंतही नाही. म्हणून रुग्णवाहिका नको. प्रतिरूप चुकतं का, सर?”

“चुकतं की. पण ते खर्च फुगवून चुकतं. एक बाळ अतिदक्षतेत गेलं की कित्येक घरांचे हप्ते त्यात जातात. म्हणून ‘खर्च नाही’ असं त्यानं सांगितलं आणि पुढे खर्च निघाला, तर त्या चुकीला आम्ही सगळ्यात मोठा दंड ठेवला होता. कोरी जागा सोडायला ते फार कचरतं. अगदी खात्री असल्याशिवाय सोडत नाही.”

बाहेर कोणीतरी चहाची किटली घेऊन गेलं. दोघांनी तिकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे.

“गेल्या दोन वर्षांत घरच्या बाळंतपणाला मंजुऱ्या वाढल्या,” गार्गी म्हणाली. “आम्ही खाली प्रयोगशाळेत खूश झालो होतो. वाटलं, कंपनीला अखेर अक्कल आली.”

कस्तुरेंनी प्रणालीला एक प्रश्न घातला: अट न घालता मंजूर केलेली घरची बाळंतपणं, ज्यांच्यापुढे कोरी जागा आहे अशी. उत्तर आलं तसा त्यांनी स्क्रीन तिच्याकडून वळवून घेतला.

“किती?”

“नको विचारूस.”

“त्या आईबापांना काय वाटलं असेल?”

“काय वाटणार?” कस्तुरेंचा आवाज आता मास्तरासारखा राहिला नव्हता. “सोनोग्राफी चांगली, हप्ता कमी, कंपनीनं पेढे मागितलेले. मग मूल गेलं. त्यांना वाटलं असेल, आपण घरी बाळंतपण करायचा हट्ट धरला म्हणून गेलं. जन्मभर स्वतःला खात बसतील. तक्रार कोण करणार? कंपनीनं तर त्यांच्या मनासारखं केलं होतं.”

“कोणी ठरवून केलं का हे?”

“नाही गं. ठरवून केलं असतं तर एखाद्याला धरता तरी आलं असतं. आम्ही त्याला सांगितलं, स्वस्तातलं शोध. त्यानं शोधलं.” त्यांनी यादी बंद करून पहिला अर्ज पुन्हा समोर घेतला. मग स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर त्यांची नजर गेली. अर्जदाराचं नाव तिथे होतं.

“गार्गी,” ते म्हणाले. “मी नाव वाचलं नव्हतं.”

“मला माहीत आहे, सर.”

“मी आजच वर कळवतो. ही मंजुरी थांबवायला लावतो.”

“कळवा. बाकीच्यांसाठी कळवा.” ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. “मंजुरी थांबल्यानं यातल्या पट्ट्या वाढणार नाहीत.”

*

पुढचा विचार तिने एखाद्या अनोळखी नमुन्याचा करावा तसा केला. बाळाचं वजन ठीक होतं. हृदय ठीक होतं. आज सकाळी ते लाथा मारत होतं. म्हणजे नाळ तुटेपर्यंत त्याला काहीही कमी नव्हतं. जे बिघडलेलं होतं त्याची त्याला अजून गरज पडलेली नव्हती, कारण ते काम सध्या आई करत होती. अशी कामं थोडी असतात. दवाखान्याच्या पट्ट्या पहिल्याच तासापासून उंच होत्या, म्हणजे गरज जन्मताच पडणार होती.

श्वास.

फुप्फुसात हवेच्या पिशव्यांना रक्ताच्या केशवाहिन्यांचं जाळं लपेटलेलं असतं. क्वचित एखाद्या बाळात ते जाळं विणलंच जात नाही. हवा आत येते, पण रक्तापर्यंत पोहोचत नाही. सोनोग्राफीत हे दिसत नाही. यंत्राने काही आठवडे ढकलता येतात, त्यापलीकडे उपाय नाही. या विकाराची खूण कुठल्या जनुकात असते ते गार्गीला ठाऊक होतं. तिचं स्वतःचं रक्त शीतपेटीत होतं. शुक्रवारी तिने ते लावलं आणि शनिवारी निकाल आला. तो तिने एकदाच वाचला. एकदा वाचलेलं तिला नेहमी पुरत असे.

निहारला तिने रविवारी सांगितलं, तासगावच्या रस्त्यावर, द्राक्षबागांच्या कडेला गाडी थांबवून. घरात सांगायचं तिला जमलं नव्हतं. तिथे पाळणा होता. निहार पाटबंधारे खात्यात अभियंता होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अभियंत्यासारखे प्रश्न विचारले. चाचणी पुन्हा करता येईल का? नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का? पुण्याला, मुंबईला, परदेशात कोणी? तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्न संपले तेव्हा तो गाडीतून उतरला, तारेच्या कुंपणापर्यंत गेला आणि परत आला.

“दवाखान्यात तीन आठवडे आहेत,” तो म्हणाला.

“हो.”

“मग दवाखाना. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“निहार, काचेपलीकडचे तीन आठवडे. नळ्या, सुया. त्याला झोपेतच ठेवतात.”

“चालेल मला काचेपलीकडचे. मी उभा राहीन तिथे. एकवीस दिवस मिळतायत आणि तू मला ते नको म्हणतेस?”

“मी अजून काहीच म्हटलेलं नाही.”

“तू कधीच काही म्हणत नाहीस! विमा येऊ दे, मग बघू. आला ना विमा?” त्याचा आवाज फाटला. “आणि तुला कळतंय ना, त्यांना हेच हवंय? आपण घरी करावं, गुपचूप, स्वस्तात. का करायचं त्यांच्या मनासारखं?”

त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. तिला जे चार महिने हवं होतं तेच आता प्रतिरूपालाही हवं होतं, आणि त्यातलं आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं हे तिला वेगळं काढता येत नव्हतं. निहार आत बसला आणि त्याने गाडी सुरू केली.

तासगावला आई, अर्चनाबाई, अंगणातच वाट बघत होती.

“या जावईबापू! बायकोला असं हळूहळू आणतात होय? मी तिसऱ्यांदा चहा तापवला.” ती गार्गीचा हात धरून आत घेऊन गेली. मधली खोली तिने रंगवून घेतली होती. “ही बघ. वारं येतं, ऊन येत नाही. बागवान म्हणून तो तुझा माणूस, त्याचा फोन आला होता. घराला पायऱ्या किती विचारत होता. मी म्हटलं, बाळ काय पहिल्या दिवशी पायऱ्या चढणार आहे? आणि हे पाहिलंस? पाचवीला पाटा-वरवंटा लागतो. गावात कोणाकडे राहिलाय आता! शेवटी चिंचणीहून आणला, माझ्या मावसबहिणीकडून.”

कोपऱ्यात स्वच्छ धुतलेला पाटा भिंतीला टेकवून ठेवला होता. गार्गीने तो पाहिला. जन्मानंतर पाचव्या दिवशी त्याची पूजा करायची असते.

“आई, बस जरा,” ती म्हणाली.

तिने आईला सोप्या शब्दांत सांगितलं, आणि फार लांबवलं नाही. अर्चनाबाई डिंकाच्या लाडवांसाठी बेदाणे निवडत होती. सांगून झालं तरी तिची बोटं काही वेळ निवडतच राहिली, देठ एकीकडे, दाणे एकीकडे. मग थांबली. ती रडेल असं गार्गीला वाटलं होतं. निहार दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

“कळा सुरू झाल्यावर काही करता येत नाही?” आईने विचारलं.

“नाही.”

“आणि दवाखान्यात नेलं तर?”

“तीन आठवडे,” निहार म्हणाला. “तीन आठवडे जगेल, आई.”

“इथे?”

“काही तास,” गार्गी म्हणाली. “दिवसभर, फार तर.”

अर्चनाबाईने मान हलवली. तिने परातीतले बेदाणे हाताने एकत्र केले, पुन्हा पसरले. मग, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तितक्या साध्या आवाजात, ती म्हणाली, “दूध पिईल का गं?”

हा प्रश्न गार्गीने स्वतःला विचारला नव्हता. तिने तो आता सोडवला, पायरीपायरीने. जन्मल्यावर पहिला काही काळ आईकडून आलेला प्राणवायू रक्तात शिल्लक असतो. ओठांत ताकद असते. चोखण्याची ओढ जन्मजात असते.

“थोडं पिईल,” ती म्हणाली. “सुरुवातीला. एकदा तरी.”

“आणि तिकडे?”

“तिकडे नाही. तिकडे घशात नळी असते.”

निहारने तोंड फिरवलं आणि कपाळ चौकटीला टेकलं. त्याचे खांदे कितीतरी वेळ तसेच ताठ राहिले. गार्गीने त्याच्याकडे बघायचं टाळलं नाही. एकवीस दिवस तो मनातल्या मनात एकेक करून खाली ठेवत होता, आणि त्यातला एकही तिला त्याच्यासाठी उचलून धरता येणार नव्हता.

फोन वाजला. गार्गीचा फोन निहारच्या हाताशी होता. त्याने पडद्यावरचं नाव वाचलं आणि फोन तसाच वाजू दिला. मग तो चालत आला, खाली बसला, फोन सुरू करून गार्गीच्या समोर धरला आणि दुसऱ्या हाताने तिचा हात घेतला.

“नमस्कार, मॅडम!” बागवान म्हणाला. “जेवण झालं का? फार वेळ घेत नाही. आवाज नोंदला जातोय बरं का आता. स्पष्ट बोला. प्रसूतीचं ठिकाण?”

बाळाने आतून एक लाथ मारली, जोरात. गार्गीने ती संपू दिली.

“घरी,” ती म्हणाली. “तासगावला, माझ्या आईच्या घरी. बाळ आमच्याजवळच राहील.”